ब्रॉयलरच्या आतड्यातल्या ई-कोलायचा अँटिबायोटिक रेझिस्टन्स मोजताना: शेडपासून तक्त्यापर्यंत

विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासायला येतात तेव्हा एक तक्ता हमखास भेटतो. "पेनिसिलीन: १०० टक्के रेझिस्टंट. व्हँकोमायसिन: १०० टक्के रेझिस्टंट." खाली जिवाणूचं नाव ई-कोलाय, आणि निष्कर्षात पोल्ट्रीवाल्यांवर ताशेरे. ई-कोलायच्या बाहेरच्या आवरणातून व्हँकोमायसिन मुळात आत शिरतच नाही आणि पेनिसिलीन-जीही त्याच्यावर चालत नाही. कोंबडीने जन्मात औषध पाहिलं नसतं तरी हेच १०० टक्के आले असते. म्हणजे पोराने दोन महिने राबून ई-कोलाय हा ई-कोलाय आहे एवढंच सिद्ध केलं.

अशा चुका झोन, म्हणजे औषधाच्या डिस्कभोवतीचं वाढ न झालेलं वर्तुळ, मोजताना होत नाहीत, त्याच्या कितीतरी आधी होतात. म्हणून इथे मोजपट्टीपेक्षा तिच्या आधीच्या कामांवर जास्त लिहिलं आहे. पद्धत डिस्क डिफ्यूजनची आहे (जिवाणू पसरलेल्या प्लेटवर औषधाची चकती, म्हणजे डिस्क, ठेवायची), कारण महाविद्यालयीन आणि जिल्हा पातळीवरच्या प्रयोगशाळांना तीच परवडते. कोलिस्टिनपुरती वेगळी पद्धत लागते, ती शेवटाकडे.

टप्पा १: प्रश्न कागदावर लिहा

"रेझिस्टन्स किती आहे?" या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न लपलेले असतात आणि तिघांची पद्धत वेगळी आहे.

पहिला: या शेडमधल्या कोंबड्यांच्या आतड्यात एरवी जो ई-कोलाय राहतो, त्यातला किती रेझिस्टंट? यासाठी साध्या मॅकाँकी अगारवर (जिवाणू वाढवण्याचं एक माध्यम) नमुना लावायचा आणि डोळे मिटून उचलावी तशी एक कॉलनी, म्हणजे वाढलेल्या जिवाणूंचा एक ठिपका, घ्यायची.

दुसरा: अमुक प्रकारचा रेझिस्टंट जिवाणू, उदाहरणार्थ ईएसबीएल (सेफोटॅक्झिमसारखी औषधं तोडणारं एन्झाइम) तयार करणारा, या शेडमध्ये आहे की नाही? यासाठी मॅकाँकीत लिटरला १ मिलिग्रॅम सेफोटॅक्झिम घालतात. संवेदनशील जिवाणू तिथेच मरतात आणि थोडेसे असलेले रेझिस्टंटही सापडतात.

तिसरा: एका कोंबडीच्या आतड्यातल्या एकूण ई-कोलायपैकी किती टक्के रेझिस्टंट? यासाठी एकाच नमुन्याची दहापट-दहापट पातळ केलेली मालिका औषध घातलेल्या आणि न घातलेल्या अशा दोन्ही प्लेटांवर पसरवून कॉलन्या मोजतात आणि गुणोत्तर काढतात.

सावधान: दुसऱ्या पद्धतीने कॉलन्या गोळा करायच्या आणि "९५ टक्के ई-कोलाय सेफोटॅक्झिमला रेझिस्टंट" असं लिहायचं, ही या विषयातली सगळ्यात महागडी चूक. औषधाच्या चाळणीतून गाळलेल्या कॉलन्या रेझिस्टंट निघणारच. त्या पद्धतीचं उत्तर "इतक्या शेडपैकी इतक्या शेडमध्ये आढळला" एवढंच देता येतं.

पुढचं सगळं पहिल्या प्रश्नासाठी आहे.

आता संख्या. एकाच शेडमधल्या तीस कोंबड्या म्हणजे तीस स्वतंत्र नमुने नव्हेत. त्यांनी एकच पाणी प्यायलंय, एकाच भुशाच्या गादीवर लोळल्यात, एकमेकींची विष्ठा टोचल्यात. तीस नमुने झेपणार असतील तर दहा शेडमधून तीन-तीन घ्या. एका शेडमधून तीस घेऊ नका. प्रत्येक कोंबडीमागे एकच आयसोलेट, म्हणजे वेगळा करून शुद्ध केलेला जिवाणू, ठेवा. एकाच प्लेटवरून पाच कॉलन्या उचलून नमुना पाचपट केल्याचं समाधान मानू नका, त्या बहुधा सख्ख्या बहिणी असतात.

टप्पा २: शेडवर

विक्रीला निघालेला, म्हणजे साधारण ३५ ते ४२ दिवसांचा लॉट निवडा. सगळ्या शेडमधून एकाच वयाचा घेणं महत्त्वाचं. आठवड्याचं पिल्लू आणि विक्रीची कोंबडी यांचे आकडे एका तक्त्यात मिसळले की वयाचा फरक औषधाचा म्हणून दिसतो.

नमुना कोणता? कापणीच्या ठिकाणी मिळत असेल तर सीकम सर्वोत्तम. लहान आतडं संपून मोठं सुरू होतं तिथे लोंबणाऱ्या या दोन आंधळ्या पिशव्या. एक पिशवी मुळाशी दोऱ्याने बांधून अख्खी कापून घ्या. आतला माल प्रयोगशाळेत गेल्यावरच उघडायचा. विक्रीसाठी कापलेल्या कोंबडीचं सीकम घेणं वेगळं आणि प्रयोगासाठी कोंबडी मारणं वेगळं. दुसरं करायचं असेल तर महाविद्यालयाच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची परवानगी आधी हातात हवी. शेडवर जिवंत कोंबडीचा नमुना घ्यायचा तर क्लोएकल स्वॅब (विष्ठाद्वारात कापसाची काडी फिरवून घेतलेला नमुना), किंवा डोळ्यांदेखत पडलेली ताजी विष्ठा. गादीवरची सुकलेली विष्ठा उचलू नका. ती कोणत्या कोंबडीची आणि किती दिवसांची, काहीच सांगता येत नाही.

चिकनच्या दुकानातून सीकम फुकट मिळतं म्हणून बरेच जण तिकडे वळतात. मिळतं खरं, पण पिंजऱ्यात तीन फार्मचा माल एकत्र असतो. दुकानातला नमुना दुकानाबद्दल बोलतो, फार्मबद्दल नाही.

औषधाची माहिती हा अर्धा नमुना आहे, आणि ती काढण्याची एक रीत आहे. "अँटिबायोटिक दिलं का?" असं विचारलं की उत्तर येतं, "नाही हो साहेब, आपण काहीच देत नाही." तो माणूस खोटं बोलत नसतो. सुपरवायझरने दिलेली पुडी त्याच्या लेखी "टॉनिक" असते. एका फार्मवर मला असंच "काही नाही" मिळालं. निघताना टाकीपाशी हात धुवायला गेलो तर तिथे डॉक्सिसायक्लिन आणि निओमायसिनच्या मिश्रणाचं रिकामं पाकीट दगडाखाली दाबून ठेवलेलं. लपवलेलं नव्हतं, पाण्याच्या मापाला ते तेच पाकीट वापरत होते. तेव्हापासून मी तीन प्रश्न विचारतो: पहिल्या आठवड्यात पाण्यातून काय काय सोडलं? मर वाढली तेव्हा सुपरवायझरने काय आणून दिलं? रिकाम्या पुड्या कुठे टाकता? आणि लॉटचं कार्ड असेल तर त्याचा फोटो. औषधाच्या नावाबरोबर शेवटचा डोस कोणत्या दिवशी दिला तेही लिहा.

एका शेडमधून दुसऱ्यात जाताना पायातली कव्हरं आणि हातमोजे बदला, आणि लहान पिल्लांच्या शेडपासून मोठ्यांकडे जा. शेडमध्ये अचानक मोठी मर चालू दिसली तर नमुना घेण्याचा विचारही करू नका. तसेच मागे फिरा आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा.

टप्पा ३: वाहतूक

नमुना बर्फाच्या पेटीत, ४ अंशांच्या आसपास, आणि २४ तासांच्या आत लावला जाईल असा. स्वॅब असेल तर कॅरी-ब्लेअर माध्यमात. बर्फाच्या विटा आणि नमुने यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा कापड ठेवा, कारण नमुना गोठू द्यायचा नाही.

बाटलीवर क्रमांक शाईच्या पेनाने लिहू नका. पेटीतल्या ओलाव्याने तो पुण्याला पोचेपर्यंत पुसला जातो. पेन्सिलीने लिहिलेली चिकटपट्टी टिकते.

वार बघून निघा. सोमवारी नमुना आला तर मंगळवारी कॉलनी उचलायची, बुधवारी शुद्ध वाढीवरून जैवरासायनिक चाचण्या लावायच्या, गुरुवारी संध्याकाळी डिस्क आणि शुक्रवारी सकाळी वाचन. गुरुवारी नमुना आणणाऱ्याची डिस्क लावायची वेळ रविवारी येते, आणि रविवारी प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे असते ते तुम्हाला ठाऊक आहेच.

टप्पा ४: ई-कोलाय वेगळा करणं

सीकमचा बाहेरचा भाग ७० टक्के अल्कोहोलने पुसा, निर्जंतुक कात्रीने उघडा, आतला १ ग्रॅम माल ९ मि.ली. सलाइनमध्ये घोळा. त्यातलं लूपभर मॅकाँकीवर चार भागांत रेघा ओढून लावा. ३७ अंशांवर १८ ते २४ तास.

दुसऱ्या दिवशी प्लेटवर गडद गुलाबी, सपाट, कोरड्या दिसणाऱ्या कॉलन्या आणि भोवती गुलाबी धुरकट कडा दिसेल. इथे हात आपोआप सगळ्यात मोठ्या, देखण्या कॉलनीकडे जातो. तो आवरा. प्लेटच्या तळाला आधीच एक ठिपका काढून ठेवा आणि त्या ठिपक्याला सर्वांत जवळची, सुटी असलेली, नमुनेदार कॉलनी उचला. वेडगळ वाटतं, पण निवडीत तुमची आवड शिरत नाही.

उचललेली कॉलनी न्यूट्रियंट अगारवर पुन्हा रेघा ओढून शुद्ध करा. ही पायरी गाळण्याचा मोह फार होतो. मॅकाँकीवरच्या गुलाबी कॉलनीखाली दबलेले दुसरे जिवाणू दिसत नाहीत; ते मेलेले नसतात, नुसते वाढायचे थांबलेले असतात. थेट डिस्कच्या प्लेटवर नेलं की तिथे त्यांना मोकळं रान मिळतं आणि झोनमध्ये तुरळक कॉलन्या उगवतात. मग ती "रेझिस्टंट उपजात" म्हणून अहवालात जाते.

ओळख: ईएमबी अगारवर हिरवी धातूसारखी चमक, ऑक्सिडेझ निगेटिव्ह, इंडोल पॉझिटिव्ह, मिथाइल रेड पॉझिटिव्ह, व्हीपी निगेटिव्ह, सायट्रेट निगेटिव्ह. मिथाइल रेडला ४८ तास द्या. बुधवारी लावलेली नळी शुक्रवारीच बघायची. गुरुवारी घाई केली तर उत्तर चुकू शकतं.

इथे थांबून तपासा: न्यूट्रियंट अगारवर सगळ्या कॉलन्या एकसारख्या आहेत का? दोन प्रकारच्या दिसल्या तर डिस्क लावू नका, पुन्हा शुद्ध करा. एक दिवस जाईल, जाऊ द्या.

टप्पा ५: म्युलर-हिंटनची प्लेट

डिस्क म्युलर-हिंटन अगारच्या प्लेटवर लावतात. सगळा खेळ या प्लेटच्या जाडीवर आहे आणि जाडीकडे कुणी बघत नाही. अगार ४ मि.मी. जाड हवा. ९० मि.मी. व्यासाच्या प्लेटचं क्षेत्रफळ साधारण ६४ चौरस सें.मी.; गुणिले ०.४ सें.मी. म्हणजे २५ मि.ली. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या "अंदाजे अर्धी प्लेट" ओततात, आणि तो अंदाज पंधरा ते पस्तीस मि.ली.मध्ये कुठेही पडतो. पातळ प्लेटवर औषध लांब पसरतं, झोन फुगतो आणि रेझिस्टंट जिवाणू संवेदनशील वाटतो. जाड प्लेटवर उलटं होतं.

फ्लास्कमधून थेट ओतण्याऐवजी मोजनळीने २५ मि.ली. मोजून ओता. टेबल सपाट आहे का ते पाण्याच्या पातळीने बघा. गोठल्यावर एक प्लेट बळी द्या: मधोमध सुरीने कापून मोजपट्टी लावा.

पीएच गोठल्यानंतर, खोलीच्या तापमानाला ७.२ ते ७.४ हवा. पीएच खाली गेला तर जेंटामायसिनचा झोन आक्रसतो आणि टेट्रासायक्लिनचा फुगतो. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे बिघाड शोधताना कामी येते.

वापरण्याआधी प्लेटवर पाण्याचे थेंब असतील तर झाकण किंचित उघडं ठेवून इनक्युबेटरमध्ये दहा ते तीस मिनिटं वाळवा.

टप्पा ६: डिस्क निवडणं आणि सांभाळणं

ई-कोलायसाठी अर्थ असलेला संच असा: अँपिसिलीन १०, टेट्रासायक्लिन ३०, सिप्रोफ्लॉक्सॅसिन ५, जेंटामायसिन १०, सेफोटॅक्झिम ३०, सेफ्टाझिडिम ३०, क्लोरँफेनिकॉल ३०, मेरोपेनेम १० मायक्रोग्रॅम, आणि को-ट्रायमॉक्साझोल १.२५/२३.७५. ही मापं सीएलएसआय या अमेरिकन मानक-संस्थेच्या तक्त्याची आहेत; किती मि.मी.चा झोन म्हणजे रेझिस्टंट ते हा तक्ता सांगतो. युकास्ट या युरोपीय संस्थेचा तक्ता वापरायचा असेल तर सेफोटॅक्झिमची डिस्क ५ मायक्रोग्रॅमची आणि सेफ्टाझिडिमची १० ची लागते. ३० ची डिस्क लावून युकास्टचा तक्ता उघडणं म्हणजे मैलाच्या दगडावर किलोमीटर वाचणं.

पेनिसिलीन-जी, व्हँकोमायसिन, एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन यांच्या डिस्क कपाटात उरल्या असतील तर तिथेच राहू द्या. शेडमध्ये टायलोसिन (एरिथ्रोमायसिनच्याच वर्गाचं औषध) दिलं होतं आणि त्याचा परिणाम बघायचा आहे? मग ई-कोलाय हा साक्षीदार चुकीचा आहे. एंटरोकॉकस हा आतड्यातलाच दुसरा जिवाणू वेगळा करा. त्याचा डिस्कचा संच वेगळा असतो, आणि तिथे सेफॅलोस्पोरिन (सेफोटॅक्झिमचा वर्ग) लावण्यात अर्थ नाही.

डिस्कचा साठा उणे २० अंशांवर, वापरातली कुपी २ ते ८ अंशांवर, सोबत ओलावा शोषणारी पुडी. वापरण्याआधी कुपी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, किमान तासभर. फ्रीजमधून काढून लगेच उघडली की हवेतली वाफ थंड डिस्कवर बसते आणि अँपिसिलीनसारखी औषधं त्या ओलाव्यात मरतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी हे वाक्य फ्रीजच्या दारावर चिकटवावं. वीज जाऊन फ्रीज रात्रभर बंद होता अशी शंका असेल तर अंदाज करत बसू नका. नियंत्रण जिवाणू (ज्याचे झोन किती यायला हवेत ते आधीच ठरलेलं आहे असा) लावा, तो सांगेल.

टप्पा ७: तीन वेळा पंधरा मिनिटं

आदल्या दिवशीच्या ताज्या वाढीतल्या तीन-चार सारख्या कॉलन्यांना लूप टेकवा आणि सलाइनमध्ये घोळा. गढूळपणा ०.५ मॅकफरलंड हवा, म्हणजे मि.ली.ला १ ते २ कोटी नव्हे, १० ते २० कोटी जिवाणू. हे मानक घरी करता येतं: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइडचं ०.५ मि.ली. आणि १ टक्का सल्फ्युरिक आम्लाचं ९९.५ मि.ली. घट्ट बुचाच्या नळीत, अंधारात ठेवा, वापरण्याआधी जोरात हलवा. दोन्ही नळ्या काळ्या रेघा ओढलेल्या पांढऱ्या कार्डासमोर धरा. रेघा सारख्याच धूसर दिसायला हव्यात. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ६२५ नॅनोमीटरला ०.०८ ते ०.१३.

ही नळी "थोडी जास्त गढूळ चालेल" असं म्हणून पुढे जाऊ नका. जिवाणू जास्त झाले की झोन लहान होतो आणि तुमच्या शेडचा रेझिस्टन्स कागदावर वाढतो.

यानंतर घड्याळ लावा.

पहिली पंधरा मिनिटं: नळी तयार झाल्यापासून प्लेटवर पसरवेपर्यंत. कापसाचा स्वॅब बुडवा, नळीच्या भिंतीवर दाबून जादा द्रव पिळून काढा, पूर्ण प्लेटवर घासा. प्लेट ६० अंश फिरवून पुन्हा, आणखी ६० अंश फिरवून तिसऱ्यांदा. शेवटी कडेने एक फेरी.

दुसरी पंधरा मिनिटं: पसरवल्यापासून डिस्क ठेवेपर्यंत. ९० मि.मी. प्लेटवर पाचच डिस्क, दोन डिस्कच्या केंद्रांमध्ये किमान २४ मि.मी. अंतर. चिमट्याच्या टोकाने हलकेच दाबा. एकदा टेकलेली डिस्क वाकडी पडली तरी सरकवू नका. औषध त्याच क्षणी अगारमध्ये उतरायला लागतं.

तिसरी: डिस्क ठेवल्यापासून इनक्युबेटरमध्ये जाईपर्यंत. प्लेट उलटी, ३५ अंश, चळत पाचपेक्षा जास्त नाही, कारण मधल्या प्लेटा उशिरा तापतात.

यावरून हिशेब करा: एका वेळी एक माणूस किती प्लेटा लावू शकतो? नवशिक्याने सहा आयसोलेटच्या वर जाऊ नये. मी एकदा हौसेने चाळीस नळ्या आधी करून ठेवल्या होत्या. शेवटच्या दहांपर्यंत पोचलो तोवर तास उलटून गेला होता, आणि त्या दहा प्लेटांवर सगळेच झोन संशयास्पद लहान. टाकून दिल्या.

वेळ १६ ते १८ तास. संध्याकाळी साडेचारला ठेवा, सकाळी नऊला काढा. दुपारी बाराला ठेवून दुसऱ्या दिवशी अकराला वाचणाऱ्याने तेवीस तास घेतलेले असतात.

टप्पा ८: झोन वाचणं

आधी लॉन बघा. अखंड, एकसारखी चादर हवी. सुट्या कॉलन्या दिसत असतील तर जिवाणू कमी पडले, प्लेट रद्द.

प्लेट उलटी करून काळ्या कापडावर धरा, उजेड वरून. व्हर्नियर किंवा मोजपट्टीने मागच्या बाजूने पूर्ण व्यास मोजा, डिस्क धरून. झोनच नसेल तर ६ लिहा, शून्य नव्हे. डिस्कच ६ मि.मी. आहे. वहीत आकडा लिहा, "आर" (रेझिस्टंट) किंवा "एस" (संवेदनशील) नाही. अक्षर नंतर कधीही काढता येतं, अक्षरावरून आकडा परत मिळत नाही.

को-ट्रायमॉक्साझोलच्या कडेला पुसट वाढीचं वलय असतं. ते सोडून द्या आणि ठळक कडा मोजा. उलट, एखाद्या झोनच्या आत स्पष्ट सुट्या कॉलन्या असतील तर पहिला संशय भेसळीचा: शुद्ध करून पुन्हा लावा. पुन्हा तसंच आलं तर आतल्या कॉलन्यांपर्यंतच झोन मोजा.

सेफोटॅक्झिम किंवा सेफ्टाझिडिमचा झोन लहान आला तर ईएसबीएलची खात्री करा: तीच दोन औषधं, एकदा नुसती आणि एकदा क्लॅव्हुलॅनिक आम्लासह. दोनपैकी कोणत्याही एका जोडीत झोन ५ मि.मी. किंवा जास्त वाढला तर ईएसबीएल.

टप्पा ९: नियंत्रण जिवाणू आणि तक्त्याचं साल

प्रत्येक तुकडीबरोबर एटीसीसी २५९२२ हा ई-कोलाय लावा. चंडीगडच्या एमटीसीसीसारख्या संग्रहातून मागवता येतो. त्याचे झोन ठरलेल्या मर्यादेत यायला हवेत: टेट्रासायक्लिन १८ ते २५, जेंटामायसिन १९ ते २६, सेफोटॅक्झिम २९ ते ३५ मि.मी. एखादा बाहेर गेला तर त्या औषधाचे त्या दिवसाचे सगळे निकाल थांबवा.

बिघाड कुठे? सगळेच झोन लहान: नळी जास्त गढूळ किंवा प्लेट जाड. सगळेच मोठे: उलटं. फक्त अँपिसिलीन लहान: डिस्कला ओल लागली. जेंटामायसिन लहान आणि टेट्रासायक्लिन मोठा: पीएच उतरला, ती जोडी आठवा.

आता आकड्याचं अक्षर करायचं. इथे तक्ता कोणत्या वर्षाचा, हे तक्ता कुणाचा याइतकंच महत्त्वाचं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचं उदाहरण घ्या. सीएलएसआयच्या जुन्या तक्त्यात १५ मि.मी. किंवा कमी म्हणजे रेझिस्टंट आणि २१ किंवा जास्त म्हणजे संवेदनशील. २०१९ पासून २१ किंवा कमी रेझिस्टंट, २६ किंवा जास्त संवेदनशील. म्हणजे २१ मि.मी.चा झोन जुन्या तक्त्यात संवेदनशील होता, नव्यात रेझिस्टंट आहे. प्रयोगशाळेच्या भिंतीवर पिवळा पडलेला लॅमिनेट केलेला तक्ता असेल तर त्यावरचं साल बघा. २०१५ च्या आपल्या आकड्यांशी आजच्या आकड्यांची तुलना करायची तर जुने मि.मी. काढून नव्या तक्त्याने पुन्हा वाचा. म्हणूनच वहीत आकडे हवेत.

आणखी एक भेद. हे तक्ते रुग्णाला औषध लागू पडेल का, या प्रश्नासाठी बनलेले आहेत. आतड्यातल्या निरोगी जिवाणूंवर पाळत ठेवताना युरोपात वेगळी रेघ वापरतात: जिवाणू त्याच्या मूळ, अस्पर्श रूपापासून ढळला आहे का? सिप्रोफ्लॉक्सॅसिनसाठी ई-कोलायची ही रेघ लिटरला ०.०६ मिलिग्रॅमवर आहे, रुग्णासाठीच्या रेघेच्या कितीतरी खाली. त्यामुळे तुमचा ४० टक्के आणि युरोपच्या अहवालातला ४० टक्के एका वाक्यात ठेवण्याआधी दोघांची रेघ कोणती ते बघा.

टप्पा १०: कोलिस्टिन

जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि खाद्यात कोलिस्टिनवर बंदी घातली. त्याआधी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, चीनमधल्या संशोधकांनी एमसीआर-१ हा एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारू शकणारा कोलिस्टिन-रेझिस्टन्सचा जीन जाहीर केला होता. त्यामुळे प्रत्येकाला कोलिस्टिन तपासायचं असतं, आणि बहुतेक जण डिस्क लावतात.

डिस्क लावू नका. कोलिस्टिनचा रेणू मोठा, अगारमध्ये तो नीट पसरतच नाही. रेझिस्टंट आणि संवेदनशील यांच्या झोनमध्ये जेमतेम दोन-तीन मि.मी.चा फरक पडतो. ग्रेडियंट स्ट्रिपही त्याच कारणाने दगा देते. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, म्हणजे वाढत्या तीव्रतेचं औषध घातलेल्या द्रव माध्यमात जिवाणू वाढवून बघणं, हाच मार्ग.

१. ९६ खळग्यांची साधी, कोणतंही अस्तर नसलेली पॉलिस्टायरीन प्लेट घ्या. पॉलिसॉर्बेट-८० किंवा दुसरा कोणताही साबणासारखा पदार्थ घालू नका.

२. कॅटायन-अ‍ॅडजस्टेड म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये कोलिस्टिन सल्फेटची दुपटीची मालिका करा, शेवटी लिटरला ०.२५ ते १६ मिलिग्रॅम यावी अशी. सुरुवातीला दुप्पट तीव्र करायची, कारण जिवाणू घातल्यावर ती निम्मी होते. प्रत्येक खळग्यात ५० मायक्रोलिटर.

३. ०.५ मॅकफरलंडची नळी ब्रॉथमध्ये १५० पट पातळ करा आणि प्रत्येक खळग्यात ५० मायक्रोलिटर घाला. अंतिम संख्या मि.ली.ला ५ लाख येते. एक खळगा औषधाविना, एक जिवाणूविना.

४. ३५ अंश, १६ ते २० तास. ज्या सर्वांत कमी तीव्रतेला खळगा स्वच्छ दिसतो ती एमआयसी.

इथे थांबून तपासा: औषधाविना खळग्यातून लगेच १० मायक्रोलिटर काढून १० मि.ली. सलाइनमध्ये मिसळा आणि त्यातलं ०.१ मि.ली. प्लेटवर पसरवा. सकाळी साधारण ५० कॉलन्या हव्यात. २०० आल्या तर जिवाणू चौपट गेलेत.

एटीसीसी २५९२२ ची एमआयसी ०.२५ ते २ मध्ये यायला हवी. शिवाय एमसीआर-१ असलेला एनसीटीसी १३८४६ लावा. त्याची ४ यायला हवी. तुमच्या आयसोलेटची २ पेक्षा जास्त असेल तर पीसीआरने जीन शोधा. जीन मिळाला नाही म्हणून एमआयसी खोटी ठरत नाही; रेझिस्टन्सचे दुसरेही मार्ग आहेत.

टप्पा ११: तक्ता लिहिताना

२० आयसोलेटपैकी १५ रेझिस्टंट. "७५ टक्के" लिहिलंत तर शेजारी ९५ टक्के विश्वास-मर्यादाही लिहा: साधारण ५३ ते ८९. हे बघितलं की "पुणे जिल्ह्यात ७५.०० टक्के" असं दोन दशांशांपर्यंत लिहिण्याची हौस आपोआप उतरते.

"मल्टी-ड्रग रेझिस्टंट" मोजताना औषधं नव्हे, औषधांचे वर्ग मोजा. तीन किंवा अधिक वर्गांत प्रत्येकी किमान एका औषधाला दाद न देणारा जिवाणू त्यात येतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि एन्रोफ्लॉक्सॅसिन हा एकच वर्ग. सेफोटॅक्झिम आणि सेफ्टाझिडिमही एकच.

सगळे आयसोलेट २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा, दोन-दोन कुप्यांत. वहीतला क्रमांक, शेडचा क्रमांक आणि कुपीचा क्रमांक एकच असावा. फार्मवाल्याचं नाव कुपीवर नको, ते वेगळ्या वहीत कुलुपात.

प्लेटा, स्वॅब आणि उरलेलं सीकम १२१ अंशांवर किमान अर्धा तास ऑटोक्लेव्ह करून मगच बाहेर. पिशवी गच्च भरू नका, मध्यापर्यंत वाफ पोचत नाही.

आणि निकाल फार्मवाल्याला कळवा, त्याच्या भाषेत. "टेट्रासायक्लिन वर्ग रेझिस्टंट" म्हटलं तर तो मान डोलावेल. "तुमच्या पाकिटातल्या डॉक्सिसायक्लिनच्याच वर्गाचं औषध या जिवाणूंवर चालत नाही, आणि ही कोंबडी आजारीही नव्हती" असं सांगितलं की तो पुढचा प्रश्न स्वतःहून विचारतो: मग सुपरवायझरने ते दिलंच कशाला?